पिकअपचा एबीएसचा पिवळा दिवा विझत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीटरवर वर्तुळात एबीएस लिहिलेला पिवळा दिवा लागलेला असतो. गाडी चालते, ब्रेकही लागतो, म्हणून बरेच मालक महिनोन्‌महिने तो तसाच ठेवतात. मग फिटनेस जवळ आलं, नाहीतर पावसात एकदा गाडीचं मागचं अंग आडवं गेलं, की धावपळ सुरू होते. खालचे प्रश्न मालवाहू पिकअपचे आहेत: पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पाटे, हौद्यात कधी कांदा, कधी मासळी, कधी काहीच नाही. कंपनीगणिक वायरिंग बदलतं, दिवा लागायची कारणं मात्र फारशी बदलत नाहीत. त्यातली बहुतेक चाकाजवळ सापडतात, बोनेटखालच्या महागड्या युनिटमध्ये क्वचित. खिशात हात घालण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

दिवा लागलेला असताना गाडी चालवायची, की आहे तिथेच उभी करायची?

आधी दिव्याचा रंग बघा. एकटा पिवळा दिवा असेल तर एबीएसने स्वतःला बंद करून घेतलेलं असतं. साधा ब्रेक, म्हणजे मास्टर सिलिंडर, बूस्टर, पॅड, लायनर, हे सगळं आपलं काम करत असतं. जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी मदत तेवढी गेलेली असते. अशी गाडी बेतानं चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.

पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला असेल तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना, ते बघा. नंतर बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. ऑइल खाली गेलं असेल तर एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर पॅड संपत आलेत. हँडब्रेक आणि ऑइल दोन्ही ठीक असूनही दोन्ही दिवे लागलेले असतील, तर बहुधा ईबीडीही बंद पडलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे ईबीडी ठरवतं. ते गेलं की रिकाम्या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होऊ शकतात. अशी गाडी माल भरून घाटात नेऊ नये, आणि रिकामी तर त्याहून नेऊ नये.

चावी ऑन केली की दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि जातो. हा बिघाड आहे का?

नाही, ती तपासणी आहे. दिवा त्या वेळी लागलाच पाहिजे. लागत नसेल तर शंका घ्या. जुनी पिकअप विकत घेताना चावी ऑन करून मीटरकडे नीट बघा. सगळे दिवे लागले आणि एबीएसचाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा त्यावर काळी टेप चिकटवलीय असं समजून किंमत ठरवा.

एबीएस नेमकं करतं काय? रिकाम्या पिकअपला त्याची गरज जास्त का?

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग असते. दाते सेन्सरसमोरून गेले की सिग्नल तयार होतो आणि त्यावरून मॉड्यूलला, म्हणजे एबीएसच्या बोनेटखालच्या कंट्रोल युनिटला, चाकाचा वेग कळतो. ब्रेक मारताना एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांपेक्षा एकदम पडला, तर ते चाक जाम व्हायच्या बेतात आहे असं मॉड्यूल ओळखतं. मग त्या चाकाचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा द्यायचा, असं सेकंदाला अनेक वेळा चालतं. पायाखाली पॅडलची जी थरथर जाणवते ती हीच.

पिकअपमध्ये मागच्या चाकांवरचं वजन सारखं बदलत असतं. हौदा भरलेला असला की मागचे टायर रस्ता धरून असतात. रिकामी असली की मागचं अंग हलकं, त्यात ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, आणि मागची चाकं जवळजवळ नुसती टेकलेली राहतात. जाम झाली की गाडी फिरते. आधुनिक इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं, पण अमेरिकेत फोर्डने १९८७ च्या एफ-सिरीज पिकअपला ते दिलं तेव्हा फक्त मागच्या चाकांसाठी दिलं. पिकअपचा खरा धोका कुठे आहे ते यावरून कळतं. त्या गाड्यांत दोन मागच्या चाकांना मिळून एकच सेन्सर होता आणि तो डिफरन्शियलवर बसवलेला होता. आताच्या गाड्यांत साधारणपणे चारही चाकांना स्वतंत्र सेन्सर असतात.

गॅरेजला जाण्याआधी मी स्वतः काय बघू शकतो?

दिवा केव्हा लागतो, हे बघा. अर्धं निदान तिथेच होतं, आणि ते फक्त गाडी चालवणाराच सांगू शकतो. मेकॅनिककडे गाडी दिली आणि 'एबीएसचा दिवा लागतो' एवढंच सांगितलं, तर तो बिचारा अंदाजानेच सुरुवात करणार.

चावी ऑन केल्यापासून दिवा जातच नसेल, गाडी हललेलीही नसेल, तर बिघाड विजेचा आहे. वायर तुटलेली, कपलर (वायरींचा जोड) निघालेला, फ्यूज उडालेला, सेन्सरची कॉइल तुटलेली किंवा मॉड्यूलचाच दोष. उभ्या गाडीतही मॉड्यूल या गोष्टी तपासू शकतं.

चावी ऑन केल्यावर दिवा जातो, आणि गाडीने पंधरा-वीसचा वेग घेतल्यावर पुन्हा लागतो? मग वायरिंग बहुधा धड आहे, पण एखाद्या चाकाकडून सिग्नल येत नाही किंवा चुकीचा येतोय. सेन्सरच्या टोकावर चिकटलेली लोखंडी भुकटी, तुटलेला दाता, वाढलेलं अंतर, ढिलं बेरिंग, ही तिथली नेहमीची कारणं. काही गाड्यांत याच वेगाला मॉड्यूल आपल्या पंपाची मोटर एकदा फिरवून बघतं, 'टुक' असा बारीक आवाज येतो. नेमक्या त्याच वेळी दिवा लागत असेल तर मोटर किंवा तिचा रिलेही संशयित.

खड्ड्यात आदळल्यावर लागतो, तर सैल वायर. फक्त वळणावर लागतो, तर बेरिंगमध्ये खेळ. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की लागतो आणि ऊन पडल्यावर जातो, तर कपलरमध्ये पाणी. प्रेशरने गाडी धुणारे चाकाच्या आतल्या बाजूला पाइप अगदी जवळून मारतात. कपलरचं रबर जुनं झालं असेल तर पाणी सरळ आत जातं.

हे कळलं की फ्यूज बघा. एबीएसचे बहुधा एकाहून जास्त फ्यूज असतात: एक मोटरचा जाड, एक व्हॉल्व्हचा, एक चावीच्या सप्लायचा. तिन्ही बोनेटखालच्या एकाच डब्यात असतीलच असं नाही, एखादा आत डॅशबोर्डखालीही असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर जास्त अँपिअरचा घालू नका आणि तारेचा तुकडा तर अजिबात नको. मागचा ब्रेक लाइट लागतोय का तेही बघून घ्या. ब्रेक पॅडलजवळचा स्विच खराब झाला तरी बऱ्याच गाड्यांत एबीएस तक्रार करतं, आणि तो स्विच या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सगळ्यात सोपा.

कोणत्या चाकाचा सेन्सर आहे ते कळलं. सेन्सर गेलाय, वायर गेलीय की रिंग, हे कसं ओळखायचं?

इथे घाई केली की नवा सेन्सर आणून बसवला जातो आणि दिवा तसाच राहतो. पिकअपमध्ये सेन्सरपेक्षा त्याची वायर लवकर मरते. मागच्या चाकाची वायर चेसिसवरून अ‍ॅक्सलवर येते, आणि अ‍ॅक्सल तर पाट्यांवर सारखा वरखाली होत असतो. गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली की पाटे सपाट होतात, अ‍ॅक्सल चेसिसला टेकतो आणि मध्ये सापडलेली वायर चेपते. वरून टेप शाबूत दिसते, आतलं तांबं तुटलेलं असतं. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगबरोबर वळते आणि क्लिप तुटली असेल तर टायरला किंवा शॉकअपला घासते. शेतात, गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीरही असतात. ते बोनेटमधून सुरुवात करतात.

म्हणून आधी डोळे, मग मल्टिमीटर. गाडी सपाट जागी उभी करा, बाकीच्या चाकांना अडण लावा, जॅकवर उचलून खाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. सेन्सरपासून चेसिसपर्यंत वायर बोटांनी चाचपत जा. मऊ पडलेली, चेपलेली, हिरवट झालेली जागा हाताला लागते.

पुढचं सेन्सरच्या जातीवर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती कॉइल, दोन वायरी. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. बहुतेकांचा साधारण आठशे ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान भरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो हाताशी नसेल तर त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या चाकाशी तुलना करा. एक बाराशे आणि दुसरा अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय. रेझिस्टन्स बरोबर असेल तर मीटर एसी व्होल्टवर लावून चाक हाताने फिरवा. चाकाबरोबर व्होल्टेज वर चढलं पाहिजे, जोरात फिरवलं की जास्त. चढतच नसेल तर सेन्सर बाहेर काढा. चुंबकावर ब्रेकची लोखंडी भुकटी मिशीसारखी चिकटलेली बऱ्याच वेळा दिसते. पुसून परत बसवला की कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

नव्या पद्धतीच्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. त्यालाही बहुधा दोनच वायरी, त्यामुळे बाहेरून जुन्यासारखाच दिसतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काहीही कळत नाही, उलट ओहमवर लावलेल्या मीटरने चिप बिघडू शकते. तिथे कपलर काढून मॉड्यूलकडून येणाऱ्या बाजूला सप्लाय येतो का ते बघा. दोष नोंदला गेला की काही मॉड्यूल तो सप्लाय तोडतात, म्हणून चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि लगेच मोजा. सप्लाय येत असेल, वायर धड असेल आणि तरी स्कॅनरवर (मॉड्यूलमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) त्या चाकाचा वेग शून्यच दिसत असेल, तर सेन्सर किंवा रिंग.

वायरला टाचणी टोचून मोजायची सवय असलेल्या वायरमनला नम्रपणे थांबवा. त्या बारीक भोकातून पावसात पाणी शिरतं आणि दोन महिन्यांनी तिथेच तांबं हिरवं होतं. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावण्याऐवजी सोल्डरिंगचा डाग देऊन, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवून घ्या. दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या असतील तर तो पीळ तसाच ठेवा. बाहेरचा विजेचा गोंधळ सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून तो दिलेला असतो.

पुढच्या चाकांचे दोन सेन्सर सारखे असतील तर अदलाबदल हाही सरळ उपाय आहे. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड दुसऱ्या चाकावर गेला, तर सेन्सर खराब. तिथेच राहिला, तर वायर किंवा रिंग.

बेरिंग बदललं, आणि त्याच दिवशी दिवा लागला. नवा सेन्सर लावला तरी जात नाही.

सेन्सर परत करा, मिळत असतील तर पैसे घ्या. दोष बहुधा बेरिंगच्या बाजूचा आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत वेगळी दात्यांची रिंग नसते. बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे बारीक बारीक ध्रुव बसवलेले असतात आणि सेन्सर ते वाचतो. ही बाजू सेन्सरकडे यावी लागते. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्याच, त्यामुळे उलटं बसलं तर बेरिंग मुकाट्यानं फिरतं, आवाज नाही, खेळ नाही, फक्त सिग्नल नाही. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना बारीक टाचणी लावून बघायची. चुंबकाच्या बाजूला ती ओढली जाते.

हे लक्षात येण्याआधी बेरिंग प्रेसमध्ये घालून बसवलेलं असतं, आणि ते काढताना सहसा खराबच होतं. म्हणून बेरिंग विकत घेतानाच आपल्या गाडीचं चुंबकाचं आहे की साधं, हे दुकानदाराला विचारा. साधं स्वस्त मिळतं आणि बसतंही नीट. घोटाळा तिथेच होतो.

वेगळ्या रिंगच्या गाड्यांत बेरिंग ठोकून बसवताना रिंग वाकडी होते किंवा एखादा दाता जातो. लायनर बदलल्यावर दिवा लागला असेल तर इतका विचारही नको. मागचा कपलर लावायचा राहिला असेल, नाहीतर ड्रम ओढताना वायर ताणली गेली असेल.

माझी गाडी मासळी वाहते. वर्षभरात मागचे दोन्ही सेन्सर गेले. दर्जा खराब की आणखी काही?

आणखी काही, आणि ते हौद्यातून खाली गळतंय. मिरकरवाड्याहून आंबा घाटाने कोल्हापूर, हर्णेहून वर पुणे, अशा फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत बर्फ वितळून मिठाचं पाणी फटींतून थेट अ‍ॅक्सलवर, पाट्यांवर, ब्रेक पाइपांवर पडत राहतं. समुद्राची हवा वेगळीच. सेन्सर ज्या भोकात बसतो त्याच्या कडेला गंज धरतो, गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, आणि तो सेन्सरला हळूहळू बाहेर ढकलतो. सेन्सर आणि दाते यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या आसपास असतं. ते थोडंसं वाढलं तरी सिग्नल कमजोर होतो.

हा गंज किती त्रास देऊ शकतो याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. १९९९ ते २००२ या वर्षांच्या शेवरोले सिल्वरॅडो आणि जीएमसी सिएरा पिकअपमध्ये पुढच्या चाकाच्या सेन्सरखाली गंज चढून सेन्सर उचलला जायचा. सिग्नल कमजोर झाला की मॉड्यूलला वाटायचं, चाक जाम होतंय. मग गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगाला, एबीएस विनाकारण दाब सोडायचं आणि थांबायला जास्त अंतर लागायचं. २००५ मध्ये जनरल मोटर्सने मिठाचा वापर जास्त असलेल्या राज्यांतल्या अशा काही लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय साधा होता: सेन्सर काढा, बसण्याची जागा घासून साफ करा, गंजरोधक लावा, गरज असेल तर सेन्सर बदला.

आपल्याकडच्या मासळीच्या गाडीला तोच उपाय लागू पडतो. नवा सेन्सर गंजलेल्या जागेवर बसवला तर तोही बाहेर ढकलला जाणारच. जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, सेन्सरच्या अंगाला ग्रीसचा पातळ थर द्या, टोकाला लावू नका. फेरी झाली की हौदा धुतोच आपण, तसंच खालून अ‍ॅक्सल आणि पाटे गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर लांबून. हौद्याच्या फटी बुजवून पाणी पाइपने मागच्या चाकांच्या पलीकडे सोडता आलं तर सगळ्यात चांगलं. ब्रेकचे लोखंडी पाइपही त्याच पाण्यात भिजत असतात, त्यावरचे फोड वर्षातून एकदा तरी बघून घ्या. सेन्सर गेला तर दिवा लागतो. पाइप फुटला तर ब्रेक जातो.

दिवा लागत नाही, पण सिग्नलला थांबताना शेवटच्या क्षणी पॅडल थरथरतं. हे काय?

वरच्या अमेरिकी गाड्यांसारखंच असू शकतं. सिग्नल पूर्ण गेलेला नाही, कमी वेगाला तेवढा दगा देतोय. दात्यांच्या रिंगला तडा गेला असेल तरी असंच होतं: प्रत्येक फेरीत एक दाता चुकल्यासारखा वाटतो. कोड नोंदला जाईलच असं नाही. मेकॅनिकने स्कॅनर जोडून गाडी हळूहळू चालवत चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी बघायचे. थांबता थांबता तीन चाकं ताशी आठ-नऊ किलोमीटर आणि एक शून्यावर दिसलं, की चोर सापडला. वाट बघू नका, थांबायचं अंतर यात खरोखर वाढतं.

मागचे टायर रिमोल्ड केल्यावर दिवा लागला. संबंध आहे?

असू शकतो. मॉड्यूलला टायर दिसत नाहीत, चाकांचे फेरे दिसतात. एका चाकाचा घेर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असला तर ते चाक सतत वेगळ्या वेगाने फिरतंय असं वाटतं. निदान एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही टायर सारखे ठेवा, आणि पंक्चर झाल्यावर लावलेली वेगळ्या मापाची स्टेपनी तशीच चालवत राहू नका. हवाही बघा.

शेतात गाडी रुतली, मागची चाकं बराच वेळ जागेवर फिरली आणि दिवा लागला.

मागची चाकं वेगात, पुढची शून्यावर. मॉड्यूलला हा खेळ कळत नाही आणि ते पुढचे सेन्सर गेले असं धरतं. गाडी बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडी चालवा, बहुधा जाईल. नाही गेला तर चाकाच्या आत बसलेली काळी माती काढा. वाळली की ती दगडासारखी होते आणि वायर ओढते.

सकाळी सेल्फ जड जातो आणि त्यानंतर दिवा लागतो. सेन्सर बदलू?

नको, बॅटरी बघा. एबीएसच्या मोटरला भरपूर करंट लागतो, आणि व्होल्टेज साधारण दहाच्या खाली गेलं की मॉड्यूल काम नाकारतं. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. टर्मिनलवरची पांढरी भुकटी साफ करा आणि मॉड्यूलची अर्थिंग वायर चेसिसला जिथे बोल्ट केलीय ती जागा घासून घ्या. गंजलेल्या अर्थिंगमुळे बरीच चांगली युनिट भंगारात गेली असतील.

हौद्याला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या, तेव्हापासून दिवा जात नाही.

वेल्डिंगच्या वेळी बॅटरी जोडलेली होती का? वेल्डिंगचा करंट चेसिसमधून जवळचा रस्ता शोधत जातो आणि वाटेत मॉड्यूल सापडलं तर त्यातूनही जातो. पुढच्या वेळी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, जमल्यास एबीएस आणि इंजिनच्या मॉड्यूलचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थिंग जिथे डाग द्यायचाय त्याच्या अगदी जवळ लावा. आत्ता मात्र आधी फ्यूज, मग वायरिंग तपासा. ठिणगीने हौद्याखालची वायरही जळलेली असू शकते, आणि तसं निघालं तर सुटलात.

मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर घेतला. त्यात 'एकही कोड नाही' असं दिसतं, तरी दिवा आहे.

अशा स्वस्त स्कॅनरपैकी बरेचसे फक्त इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात. ते वाचायला एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. काही कंपन्यांच्या, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या, यादीत सी००३५ म्हणजे पुढचा डावा सेन्सर, सी००४० पुढचा उजवा, सी००४५ मागचा डावा, सी००५० मागचा उजवा. यू०१२१ दिसला तर बाकीच्या गाडीचा एबीएस मॉड्यूलशी संपर्कच तुटलाय, तेव्हा आधी त्याचा सप्लाय आणि अर्थिंग बघायचं. कंपनीगणिक कोड बदलतात, ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच वाचावेत. कोड चाक दाखवतो, त्या चाकाच्या कोणत्या भागात दोष आहे ते दाखवत नाही. गॅरेजमध्ये कोड काढला की त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. दुसऱ्या गॅरेजला पुन्हा पैसे द्यावे लागणार नाहीत.

मेकॅनिक म्हणतो, मॉड्यूल गेलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल.

जात नाही असं नाही. आतले सोल्डरचे डाग सुटतात, मोटर जाम होते, पाणी शिरतं. पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी यायला हवा, कारण हा सगळ्यात महाग भाग आहे. विचारा: कोड कोणता? युनिटच्या कपलरवर सप्लाय आणि अर्थिंग लोड देऊन तपासली का? मोटरला थेट सप्लाय देऊन फिरते का बघितलं का? कपलर काढून पिना हिरव्या झाल्यात का बघितलं का? उत्तरं सरळ मिळाली तर माणूस ठीक आहे. 'आम्हाला अनुभव आहे' एवढंच उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या.

खरंच गेलं असेल, तर बऱ्याच युनिटमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग स्क्रू काढून वेगळा करता येतो आणि मोठ्या शहरांत तो दुरुस्त करून देणारे मिळतात. तसं झालं तर ऑइलचे पाइप उघडावे लागत नाहीत. भंगारातलं युनिट घेतलंत तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, आणि ते त्या गाडीला कोडिंग करून मिळेल का हे आधीच ठरवून घ्या.

एबीएसच्या गाडीत ब्रेक ऑइलचं काही वेगळं असतं का?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत नको. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतलं पाणी शोषतात. डॉट ४ कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. घाट उतरताना ब्रेक तापल्यावर हा फरक पायाला जाणवतो, पॅडल स्पंजासारखं होतं. पाणी धरलेलं ऑइल एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हनाही आतून गंजवतं. दोन वर्षांनी बदला. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: युनिटमध्ये हवा शिरली तर नुसतं पॅडल मारून एअर काढता येत नाही, स्कॅनरने व्हॉल्व्ह आणि मोटर चालवावी लागते. तेव्हा टाकी कोरडी पडू देऊ नका.

बल्ब काढला किंवा फ्यूज काढून ठेवला तर काय बिघडतं?

बल्ब काढला तर पुढचा बिघाड कळणार नाही. फ्यूज काढला तर एबीएसबरोबर ईबीडीही जातं, आणि मागच्या चाकांचा दाब आवरणारं दुसरं काही त्या गाडीत नसेलही. जुन्या पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला, हौद्यातल्या वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असायचा. ईबीडी आलं आणि बऱ्याच गाड्यांतून तो गेला. तुमचा ड्रायव्हर रात्री पावसात रिकामी गाडी परत आणत असतो, त्याच्या नकळत हे करू नका.

दुरुस्ती होईपर्यंत घाट कसा उतरायचा?

खंबाटकी असो की कुंभार्ली, चढताना जो गिअर लागतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नको. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. ब्रेक सरळ रस्त्यावर लावा, वळणात नको. अचानक दाबावाच लागला आणि चाक जाम झाल्याचं जाणवलं, टायर घसरल्याचा आवाज आला किंवा स्टिअरिंग हलकं पडलं, तर पाय थोडा सैल करून पुन्हा दाबा. एबीएसची सवय झालेला ड्रायव्हर पाय दाबूनच ठेवतो. गाडी त्याच्या हातात देण्याआधी हे सांगा. रिकाम्या गाडीत पाऊस असेल तर वेग कमी ठेवणं हाच उपाय. हौद्यात थोडं वजन टाकायचं असेल तर ते मागच्या अ‍ॅक्सलच्या वर आणि बांधलेलं हवं.

दिवा गेला. एबीएस खरंच चालतंय, हे कसं तपासायचं?

काही गाड्यांत दोष दूर झाल्यावर थोडं अंतर चालवलं की दिवा आपोआप जातो, काहींत स्कॅनरने कोड पुसावा लागतो. बॅटरी काढून लावली की कोड जातोच असं नाही. दोष तसाच ठेवून कोड पुसला तर दिवा पहिल्याच फेरीत परत येतो, म्हणून पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून दोन-चार किलोमीटर चालवून या.

मग मोकळा, सपाट, बारीक खडीचा रस्ता शोधा, मागेपुढे कुणी नको, हौदा रिकामा किंवा माल घट्ट बांधलेला. ताशी तीसच्या आसपास वेग घेऊन ब्रेक जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. पॅडल पायाखाली थरथरलं, बोनेटमधून 'घर्र' असा आवाज आला आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळली, तर एबीएस चालू आहे. खडीवर थांबायला एबीएसची गाडी थोडं जास्तच अंतर घेते, त्याला बिघाड समजू नका. खाली उतरून मागे बघा. चाक घसरत गेल्याचा सलग लांब पट्टा दिसला, तर ज्या बाजूला तो दिसतोय त्या चाकाचा सेन्सर पुन्हा तपासायला सांगा.